प्रोसेसरचा मुहूर्त

कॉम्प्युटरचा प्रोसेसर कधी बदलावा, हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं आमच्या अख्ख्या शहरात कुणाला कळत नसेल. आणि त्यांच्याइतका जुना प्रोसेसरही कुणाच्या घरी नसेल. चितेगावच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेला हा माणूस दर रविवारी सकाळी चष्मा पुसून मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायला बसे. समोर, म्हणजे इंटरनेटवरून बंगळुरात, कानाला हेडफोन लावून त्यांची एकुलती लेक. नोकरीला जाताना तिनं हा कॉम्प्युटर आणि हा नाद, दोन्ही घरी ठेवले होते. मामा दर रविवारी हरत, आणि हरले की म्हणत, "मी वळवतो येळेवर, ह्ये ऐकतच नाय!"

"मग प्रोसेसर बदला ना पप्पा," लेक म्हणे. तिथून मामांचा अभ्यास सुरू होई. दिवाळीला घ्यावा तर दिवाळीनंतर भाव उतरेल, उतरल्यावर घ्यावा तर नवी पिढी येऊ घातलेली, नवी घ्यावी तर तिला मदरबोर्डही नवा आणि त्या मदरबोर्डला रॅमही नवी. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "चचा, जिसकी राह देख रै, वो आया तो उसके बादवाले की खबर बी आतीच." मामा रिकाम्या हातानं परतले, पण त्याआधी दुकानातल्या तिघा अनोळखी गिऱ्हाइकांना चोख सल्ला देऊन त्यांनी माल घ्यायला लावला होता.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात तर कहर झाला. बायपासच्या पलीकडं नव्या इमारती उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. मामा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून उरलेली अर्धी कूलरमध्ये ओतत आणि कूलरचं तोंड उघड्या कॅबिनेटकडं करत. "माणसं उकडून मेली तरी चालतंय, डबा गार पायजे!" मामी करवादल्या. महिनाभरात त्या ओल्या हवेनं स्क्रू गंजले. यंत्रांत हयात गेलेल्या माणसानं हे करावं! मी तसं बोललो, तर म्हणाले, "गंज नाय तो, वय झालंय त्याचं." या माणसावर रागावणं मला कधी जमलंच नाही.

मग लेकीनं सांगितलं, गेमची नवी आवृत्ती आलीय. पुढच्या महिन्यापासून जुनी बंद, आणि नवी या प्रोसेसरवर चालायचीच नाही. म्हणजे रविवारच बंद. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात गेले आणि एकही प्रश्न न विचारता सगळं नवं घेऊन आले.

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. गाडी कुठं अडली नाही, पडदा गोठला नाही. मामा हरले. पुन्हा हरले. तिसऱ्यांदा सगळ्यांत शेवटी आले, आणि आपल्या बोटांकडं बघत बसले.

"येवढी वर्सं मशीनला शिव्या घातल्या, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "धीमा मीच हाय."

नव्या पिढीची वाट ते इतकी वर्षं का पाहत होते, ते मला तेव्हा कळलं. जुनं मशीन होतं तोवर हरण्याचा दोष त्याचा होता. लेकीनंही पलीकडून ऐकलं असावं.

"पप्पा, अजून एक लावू या. मी हळू चालवते."

"हळू नको," मामा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "तू जा तुझ्या वेगानं. मी येतो मागनं."