अ‍ॅटलस तिखट आणि कय्युमची मान

मी चौतीस वर्षं नंदुरबारच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त मास्तरला गावात दोनच कामं उरतात. लग्नपत्रिकेतल्या चुका काढायच्या आणि कुणाच्या तरी उद्घाटनाला चार छान ओळी लिहून द्यायच्या. दोन्ही फुकट. त्यामुळे मिरचीवाले भूपेंद्रशेठ एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

शेठना त्यांच्या मिरचीपूडच्या कारखान्याचं बारसं नव्याने करायचं होतं. सुरतेच्या कुणा सल्लागाराने नाव काढलं होतं, 'अ‍ॅटलस तिखट'. पोत्यांवर छापूनही झालं होतं. एक पिळदार गोरा माणूस, कमरेला फडकं, खांद्यावर पृथ्वीचा गोळा. फाटकाशी त्याचाच सिमेंटचा पुतळा बसणार होता.

"सर, ग्रीकना देव शे म्हने," शेठ म्हणाले. "त्याना नावना अर्थ आर्धं पान लिखी द्या. उद्घाटननी पुस्तिकामा टाकसूत, तुमना नावसंगे."

नावासकट छापणार हे ऐकून मी विरघळलो. खोटं कशाला बोलू?

कय्युम माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतो. वय पन्नाशीच्या आसपास. सोळाव्या वर्षी बापाच्या जागी हमालीला लागला आणि गेली बावीस वर्षं भूपेंद्रशेठच्याच गोदामात होता. डोक्यावर पोतं घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढायचा तेव्हा मान अशी ताठ असायची की बघणाऱ्याने आपली सरळ करावी. पोतं उचलण्याआधी त्याचा कान, म्हणजे शिवलेला कोपरा, धरून जरा हलवायचा आणि वजन सांगायचा. किलोभराचीही चूक नाही. नाक मात्र मिरचीने कधीच मेलं होतं. भाजी करपली तरी याला पत्ता नाही, म्हणून त्याची बायको अख्तरबानो ओरडायची.

आता त्या मानेला कडक पट्टा आहे, हनुवटीपासून छातीपर्यंत. नमाजला तो खुर्चीवर बसतो. सजद्यात कपाळ जमिनीला टेकवता येत नाही, याचं त्याला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण भांडण त्यावरच आहे. मार्चमधली दुपार. गोदामात माल भरणं चाललं होतं. कय्युमच्या डोक्यावर पन्नास किलोचं एक पोतं होतं. थप्पीवरून दुसरं सुटायला आलं होतं, ते शेठचा मॅनेजर अजित दोन्ही हातांनी अडवून उभा होता. अजित म्हणाला, "कय्युमभाऊ, हाई एक मिनिट धर, मी माणूस धाडी देस." आणि ते पोतं त्याने कय्युमच्या डोक्यावरच्या पोत्यावर सरकवलं. फोन आला म्हणून बाहेर गेला. माणूस काही आला नाही. कय्युमने हाका मारल्या, पण दळणाच्या यंत्रांपुढे कुणाला ऐकू जाणार? गुडघे थरथरायला लागले तरी तो उभा राहिला, आणि मग दोन्ही पोत्यांसकट खाली आला.

सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाचला हेच नशीब. कवटी ज्यावर टेकते तो मानेचा पहिला मणका मोडला होता. त्या मणक्याचं डॉक्टरी नाव अ‍ॅटलस.

"सर," रिपोर्ट माझ्यापुढे धरून कय्युम म्हणाला, "शेठना पोतावर जे नाव शे, तेच मन्ही हड्डीनं कसं?"

त्या संध्याकाळी मी अर्धं पान नुकतंच लिहून संपवलं होतं. तेच वाचून दाखवलं. अ‍ॅटलस हा देवांच्या जुन्या पिढीतला. नव्या देवांशी लढाई झाली, जुने हरले. जिंकलेल्यांच्या राजाने याला शिक्षा दिली: जगाच्या कडेला उभं राहून आकाश तोलून धरायचं. पृथ्वी नव्हे, आकाश. चित्रकार पिढ्यानपिढ्या चुकत आले आहेत. त्याच्या नावावरून अटलांटिक महासागर, त्याच्या नावाचे आफ्रिकेतले डोंगर, नकाशांच्या पुस्तकालाही तेच नाव आणि डोकं पेलणाऱ्या मणक्यालाही तेच. इतक्या ठिकाणी नाव लावलं, पण ती शिक्षा होती हे कुणी सांगत नाही.

कय्युमला पुढची गोष्ट हवी होती. सुटला का तो? मी सांगितलं, एकदा सुटत होता. हेराक्लिस नावाचा एक वीर आला. त्याला सोन्याची सफरचंदं हवी होती. मी आणून देतो, तोवर तू आकाश धर, असं अ‍ॅटलस म्हणाला. आणून दिलीही. पण परत ओझ्याखाली जायला तयार होईना. तेव्हा वीर म्हणाला, ठीक आहे, मीच धरतो, फक्त डोक्यावर चुंबळ नीट करून घेतो, तेवढा वेळ तू धर. अ‍ॅटलसने धरलं, आणि वीर सफरचंदं उचलून चालता झाला.

कय्युम ताडकन उठला. इतक्या दिवसांत मी त्याला चिडलेला पाहिला नव्हता.

"सर, याले वीर म्हनतस?" तो ओरडला. "चुंबळ सरकनी म्हनं का दुसरा हमाल वझं धरस. इचारस नई, धरस! हाऊ आमना कायदा शे. दुश्मन ऱ्हायना तरी धरस. तेवढामा पळी जानारा मानूस नई, सर. त्याले बाजारमा कोनी पानी बी पाजाव नई!"

मी वर्गात ही गोष्ट वीसेक वेळा सांगितली असेल. पोरं हसायची, मीही हसायचो. वीराची हुशारी! त्या संध्याकाळी माझी मलाच लाज वाटली.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी अजित कागद घेऊन कय्युमकडे आला. मी तिथेच होतो. टाइप केलेलं निवेदन: त्या दिवशी मी रजेवर होतो, घराच्या ओट्यावरून पाय घसरून पडलो, कारखान्याविरुद्ध माझी तक्रार नाही. खाली सहीची जागा. सही केली तर फाटकावर वॉचमनची नोकरी, पुतळ्याशेजारी खुर्ची टाकून. नाही केली तर काही नाही. गोदामाच्या हजेरीत रजा आधीच मांडून झाली होती. अजितची नजर सगळीकडे फिरत होती, फक्त त्या पट्ट्याकडे जात नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

अख्तरबानो हळूच म्हणाली, "कर दो ना दस्तखत. बैठने का काम है." तिचं काय चुकलं? मान मोडलेल्या माणसाला या गावात दुसरं काम कोण देणार होतं?

कय्युमने कागद परत दिला. "अजितभाऊ, मी घरमा पडेल नई. गोदाममा पडेल शे. हाई लिखा, मंग सही करसू."

अजित कागद घडी करून गेला. खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली.

उद्घाटन थाटात झालं. मला शाल आणि नारळ मिळाले, आणि मी ते घेतले. संध्याकाळी पुस्तिका गल्लीत घरोघर वाटली गेली. मी त्यांच्याकडेच बसलो असताना अख्तरबानोने माझं अर्धं पान नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'अ‍ॅटलस म्हणजे सामर्थ्य. अ‍ॅटलस म्हणजे कुरकुर न करता जगाचा भार वाहणारा देव.' कुरकुर न करता! हे शब्द माझे नव्हतेच. शिक्षा गायब, आकाश गायब, मणका गायब. खाली जाड अक्षरांत माझं नाव, पुढे 'निवृत्त भूगोल शिक्षक'.

कय्युमला मान वळवता येत नाही, म्हणून तो अख्खा माझ्याकडे वळला.

"सर, शिक्षानं नई लिखं का तुम्ही?"

"लिहिलं होतं. त्यांनी काढून टाकलं."

"मंग तुमनं नाव कसाले ऱ्हाऊ दिधं?"

मी खांद्यावरची शाल काढून घडी केली. चौथी शिकलेल्या माणसाने नोकरीवर पाणी सोडलं, पण खोट्याखाली सही केली नाही. माझी तर कुणी मागितलीही नव्हती. छापून काय आलं हे न बघताच मी शाल पांघरून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी शाल परत करून माझं नाव काढा म्हणालो. शेठ हसले. पुस्तिका वाटून संपल्या होत्या.

म्हणून हे पुन्हा लिहिलं. याच्याखालीही माझंच नाव आहे, आणि या वेळी एक शब्दही कुणाला कापू देणार नाही. कय्युम त्या दिवशी रजेवर नव्हता. तो गोदामात पडला, डोक्यावर दोन पोती असताना, आणि त्यातलं एक त्याचं नव्हतं.

— उमाकांत, नंदुरबार