उघडी ठेवलेली खांड

...आणि नेमक्या त्याच घटकेला चिंबोरीनं, खाडीतल्या खेकडीनं, धोंडुबाईच्या पायाचा अंगठा धरला! काल इथवर आलो होतो, बरोबर ना? तर धोंडुबाईला खाली वाकता येईना. वाकली असती तर खांड सुटली असती आणि सगळ्या गावानं सकाळपासून वाहिलेला चिखल खाडीत गेला असता.

खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. ती पडली की भरतीचं खारं पाणी थेट भातशेतात. मग दोन्ही अंगांनी चिखलाचे गोळे रचत रचत बांध मध्याकडे आणायचा. शेवटी तोंड राहतं बाजेएवढं, आणि तिथं पाण्याला अशी काही ओढ असते की टाकलेला गोळा ठरत नाही. तेव्हा दोघांनी त्या तोंडात उतरायचं, खाडीकडे पाठ करायची, हातात हात अडकवायचा आणि पुढ्यात छातीपर्यंत चिखल चढेस्तोवर खांबासारखं उभं राहायचं. मग वरच्यांनी बखोटीला धरून दोघांना एकदम वर खेचायचं. बेलखारात हे काम वीस वर्षं हौसाबाई आणि धोंडुबाईच करत आल्या. बाप्ये का नाहीत, असं कोणी विचारलं तर हौसाबाईचं उत्तर ठरलेलं, "त्यांना दम नाय. अर्ध्यात तमाखू आठवते."

तर अंगठा. धोंडुबाई कळवळून म्हणाली, "हौसे, तोडते गो ती!"

"तोडू दे. तुना नऊ हायत अजून."

दोघी छातीएवढ्या चिखलात उभ्या राहून अशा हसल्या, अशा हसल्या, की वरच्या माणसांना वाटलं पाण्यानं यांच्या डोक्यावर परिणाम झाला. खांड बुजली. चिंबोरी धोंडुबाईनं घरी नेली आणि रश्शाची एक वाटी हौसाबाईकडे पोचली.

बेलखार म्हणजे गडबच्या खालच्या अंगाला, खाडीच्या कडेला, साठेक उंबऱ्यांचं गाव. वर्षाला एक भाताचं पीक, बाकी दिवस मिठागर नाहीतर कंपनीतली शिफ्ट. हौसाबाई साठीच्या आतबाहेरची, शाळा चौथीपर्यंत. पण पाण्याचं तिला जे कळायचं ते कोणाला नाही. अमावास्या-पुनवेला उधाण येतं आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती मंदावते, त्याला भांग म्हणतात, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाणी आज कुठल्या दगडापर्यंत चढेल, हे हौसाबाई ओट्यावर बसून सांगायची. एकदा एक साहेब मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक घेऊन आले होते. ती म्हणाली, "साहेब, गाडी वर घ्या." साहेब म्हणाले, "अजून दीड तास आहे, बाई." मग काय! अर्ध्या तासानं साहेब बांधावर आणि मोटारसायकल आरशापर्यंत पाण्यात. हौसाबाईनं त्यांना चहा पाजला आणि एका शब्दानं टोचलं नाही. मागाहून गावाला मात्र साभिनय करून दाखवलं.

म्हणूनच खांड पडली की कधी उतरायचं, हे हौसाबाईनं सांगायचं आणि गावानं ऐकायचं. तिचा नवरा कमळाकर म्हणायचा, "घरातपन तीच सांगते. मी तर बारमाही ऐकतो."

सुशील हा धोंडुबाईचा एकुलता मुलगा. आई मिठागरात गेली की पोर हौसाबाईच्या ओट्यावर. भूक लागली की तो आईला नव्हे, काकीला हाक मारायचा. पेणला कॉलेज केलं, समाजकार्याची पदवी घेतली, तिथंच खोली केली. कुठलं अनुदान कुणाला मिळतं, कुठल्या गटाला कसली संधी आहे, स्वयंसेवकांसाठी काय निघालंय, सगळं त्याच्या मोबाइलमध्ये. गावोगाव हिंडून तो बचत गटांचे, मंडळांचे अर्ज भरायचा. बेलखारच्या भजनी मंडळाला त्यानं नवी पेटी आणि पखवाज मिळवून दिला. अर्जात मंडळाचं नाव लिहिलं होतं 'लोककला संवर्धन व युवा प्रशिक्षण गट'. मंडळात सर्वांत तरुण माणूस कमळाकर! गाव पोट धरून हसलं. सुशील म्हणाला, "अर्ज असाच लिहायचा असतो. त्यांना जे ऐकायचंय ते लिहायचं." पखवाज चांगला वाजत होता, तेव्हा कोणाला त्यात वावगं दिसलं नाही.

यंदा पौषाच्या अमावास्येला बांधाला खांड पडली. फार मोठी नव्हती. दोन माणसं आडवी झोपतील एवढी. भात केव्हाच घरात आलं होतं. हौसाबाईनं बोटं मोजली, अष्टमीला उतरायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी सुशील पेणहून आला, बांधावर जाऊन फोटो काढले आणि धावतच तिच्या ओट्यावर.

"काकी, खांड बुजवू नका."

"डोक्यावर पडलास काय रं?"

"ऐका तर खरं. रोह्याला एक प्रतिष्ठान आहे. जी गावं स्वतःहून, लोकांच्या मेहनतीनं किनाऱ्यावर काम करतात, त्यांच्या गटांना ते अनुदान देतंय. आपल्याएवढं काम कोणी केलंय? तुम्ही गटाच्या अध्यक्ष. पण त्यांची माणसं पाहणीला येईपर्यंत जागा जशी आहे तशी राहिली पाहिजे. आज बुजवलीत तर ते बघणार काय?"

"नि मग बांध?"

"मग बघा ना कसा होतो बांध. चिखल वाहायची वेळच येणार नाही परत."

"भांगाच्या आधी येतील?"

"येतील, काकी."

अर्ज इंग्रजीत होता. सुशीलनं बोटानं जागा दाखवली. हौसाबाईनं चष्मा लावून, जीभ दातात धरून, आपलं नाव पूर्ण लिहिलं. खाली तीस जणांच्या सह्या आणि अंगठे.

संध्याकाळी देवळापुढं गावकी बसली. म्हातारे कुरकुरले. पडलेली खांड बेलखारनं दुसऱ्या भांगापुढं कधी जाऊ दिली नव्हती. कमळाकर म्हणाला, "कागद यायला वाट बघंल, पानी कशाला बघंल?" हौसाबाई उभी राहिली. "इतकी वर्षा मी उतरा बोलली तवा उतरलाव. आवंदा मी थांबा बोलते. आपला सुशील हाय." एवढ्यावर गाव थांबलं. सुशीलच्या नावावर नव्हे हं, हौसाबाईच्या.

पहिला भांग गेला. सुशील फोनवर म्हणायचा, येतीलच आता. दुसरा गेला. दर उधाणाला खांडीच्या कडा ढासळत होत्या. माघ सरला तेव्हा तिथून बैलगाडी गेली असती, शिमग्यात एसटी. पाहणीवाले आले ते एका शनिवारी, नेमक्या पुनवेच्या भरतीला. चांगली मुलगी होती ती मनस्वी मॅडम, चपला हातात घेऊन बांधावरनं चालली. तिच्याबरोबरच्यानं ड्रोन उडवला. शेतात तळं झालेलं बघून ती म्हणाली, "किती सुंदर!" धोंडुबाई हौसाबाईच्या कानाशी लागली, "हिला पानी सुंदर दिसते गो." हौसाबाई म्हणाली, "शहरातली हाय. दिसू दे."

वैशाखात निरोप आला, अनुदान मंजूर! रोह्याला स्वयंसेवकांचा मेळावा आहे, हौसाबाईंनी यावं, त्यांचा सत्कार आहे. आता कुठं तिच्या जिवात जीव आला. पाऊस महिन्यावर, पण यंत्र आलं तर आठवड्याचं काम. ती ठेवणीतलं लुगडं नेसली, पेणहून गाडीत बसली, रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन गेलं तशी तिनं पदर सारखा केला. सुशील आधीच पोचला होता. दारातच म्हणाला, "काकी, तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त बसायचं, नाव पुकारलं की जायचं."

मोठा हॉल, गार हवा, कोलाडपासूनचे गट आलेले. पडद्यावर चित्रं पुढं सरकत होती, मजकूर सगळा इंग्रजी. आणि मग पडद्यावर बेलखार आलं. वरून काढलेलं. हौसाबाईनं ते खाडीच्या वळणावरून ओळखलं. ती खांड. ते देऊळ. ती आपली शेतं. पुढच्या चित्रात तीच शेतं होती, पण अंगावर गोवर उठावा तसे हिरवे ठिपके उठलेले. घराच्या मागच्या तुकड्यापर्यंत ठिपके.

सत्कार झाला. मनस्वीनं शाल घातली. हौसाबाईनं तिचा हात सोडलाच नाही. "बाय, तो हिरवा काय होता?"

"कांदळवन, काकू! पावसाच्या सुरुवातीला रोपं लावायची. तुमचेच स्वयंसेवक लावणार आहेत ना?"

कांदळवन म्हणजे तिवर. खाऱ्या पाण्यात येणारं झाड. शेतात एकदा रुजलं की त्याला हात लावायची सोय नाही, कायदा आडवा येतो, आणि ते शेत पुन्हा शेत होत नाही. शेजारच्या गावाचं अर्धं शिवार असंच गेलेलं हौसाबाईनं पाहिलं होतं.

"नि बांध?" तिनं विचारलं.

मनस्वी गोंधळली. "बांध कसला? खांड उघडी ठेवायची हे तुमच्याच प्रस्तावात आहे. सगळे बांध घालून मागतात, काकू. समुद्राची जागा समुद्राला परत देणारं तुमचं एकच गाव. आम्हाला इतकं कौतुक वाटलं तुमचं!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

सुशील दोन हातांवर उभा होता, मोबाइलमध्ये बघत. हौसाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुना ठावा होता?"

त्यानं वर पाहिलं नाही. "काकी, घरी बोलू."

जेवण होतं. ती जेवली नाही. परतीच्या गाडीत एकटी बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "शाल छान आहे, कुठं घेतलीत?" हौसाबाई म्हणाली, "दिली कुनी तरी."

त्या संध्याकाळी तिनं आपणहून गावकी बोलावली. "अनुदान बांधाला नाय. तिवरं लावायला हाय. मी वाचल्याशिवाय सही केली, मी तुम्हाला थांबवला. चुकी माजी." एवढंच. मग जे बोलायचं ते लोक बोलले. वीस वर्षांत जिच्यापुढं कोणी मान वर केली नव्हती, तिला कालची पोरं म्हणाली, "शाल मिळाली ना, काकी, झाला तर!" फक्त धोंडुबाई कडाडली, "तिला कशाला बोलता? रोह्यावाल्यांनी फसवला! माज्या पोरालापन फसवला त्यांनी, त्याच्या कामाचा सोना घेतला नि त्याच्या तोंडाला काला फासला!" हौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आता सरळ बुजवण्यासारखी खांड राहिली नव्हती. तिथं पुरुषभर खोल डोह झाला होता. आतल्या बाजूनं वळसा घालून अर्धगोल नवा बांध घालायचा, एवढाच उपाय. आणि हाताशी एकच भांग, जेठातला. त्यानंतर पाऊस. चिडलेलं गावही अष्टमीला पहाटे फावडी घेऊन आलं. हौसाबाईच्या शब्दासाठी नाही, शेतासाठी. पूर्वी तिनं हात वर केला की काम सुरू व्हायचं. त्या दिवशी कोणी तिच्या हाताकडे बघितलं नाही. ती रांगेत, मध्यावर, गोळे पुढं देत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुशील आला. बूट घालून बांधावरच थांबला. हौसाबाई गोळा पुढं देऊन त्याच्याजवळ गेली.

"काकी, माझं ऐका. बांधाला अनुदान कुठंच नव्हतं. मी सगळीकडे बघितलं. कांदळवनाला होतं. म्हटलं, आधी गटाचं नाव होऊ दे, मग त्या नावावर बांधाचं मागू."

"शेत गेल्यावर बांध कुनाच्या शेताला रं?"

तो हळूच म्हणाला, "एवढं पाणी आत येईल असं वाटलं नव्हतं मला."

"खाडीवरचा पोर तू."

"तुम्ही हे बुजवलंत तर ते गटाचं नाव काढून टाकतील. परत कधीच काही मिळणार नाही गावाला. आणि मला ते प्रतिष्ठानात कायमची नोकरी देणार होते, काकी. मी त्यांना काय कळवू?"

हौसाबाईनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले. ती म्हणाली, "कलव काय ते. नायतर असा कर. ती तिथं चिखलात उभी हाय ना, तुजी आयस, ती कालधरना रोह्यावाल्यांना शिव्या घालते. तिला वाटते त्यांनी तुनापन फसवला. मी तिला काय बोलली नाय. गावालापन नाय. गाव मना बोलते, बोलू दे, सही माजी हाय. पन धोंडीला खोटा मी सांगनार नाय, नि खरा सांगायला माजी जीभ उचलत नाय. तर तू खाली उतर, तिला सांग, नि ती काय बोलते ता रोह्याला कलव."