पुतण्यानं बसवलेला दात

माझा वरचा पुढचा दात पडला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरकडे जायची सोयच नव्हती. दिराचा मुलगा दातांचं शिकून आला होता, कशेळ्याला दवाखाना थाटून बसला होता. त्याला सोडून कर्जतला गेले असते तर जावेनं गावभर केलं असतं. आमच्यात दुखणंही नात्यातच दाखवायचं असतं.

लग्नात धवले मी गाते. सगळा मांडव माझ्या तोंडाकडे बघत असतो, तेव्हा दात हवाच होता. पुतण्यानं हाडात स्क्रू पिळला, वर दात बसवला. वर्ष सरायच्या आत हिरडी वर सरकली. दात घोड्यासारखा लांब दिसायला लागला आणि त्याच्या वर धातूची करडी कड उघडी पडली.

विचारलं तर म्हणाला, मशेरीनं हिरडी खाल्ली. मशेरी मी दात पडला तेव्हाच सोडली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जाऊ मात्र तेच तिखटमीठ लावून सांगत सुटली. दोघांचाही मला संताप येतो, अजून येतो.

शेवटी कुणाला न सांगता कर्जत गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे दाखवला. स्क्रूची मान रुंद होती, दाढेला घालतात तशी. पुढं ओठाकडचं हाड पातळ, ते दाबलं जाऊन झिजलं.

"हिरडी हाडाच्या आधारानं राहते," त्या म्हणाल्या. "हाड गेलं की तीही जाते. इथं बारीक मानेचा स्क्रू हवा होता."

आता तो काढायचा तर उरलंसुरलं हाडही जायची भीती. पुतण्याला जाब विचारला. तेव्हा तसलाच स्क्रू हाताशी होता, म्हणाला, आणि घट्ट बसलाय ना?

मग त्याचंच लग्न निघालं. धवले काकीनंच म्हणायचे, असा दिराचा हट्ट. आदल्या दिवशी पुतण्या हळूच येऊन म्हणाला, "काकी, पाव्हणे असतील गं. गाताना पदर धर जरा तोंडाशी."

मी पदर कमरेला खोचला आणि तोंडभर गायले. गाणं थांबल्यावर नवरीची आई शेजारी येऊन बसली. तिचाही पुढचा दात पडलेला. माझ्याकडे निरखून बघत तिनं विचारलं, "मी आता जावयाकडूनच बसवून घेणार हाय. तुमचा कुणी बसवला?"

पुतण्या मुंडावळ्या बांधून समोरच बसला होता, ऐकत होता.

"यानंच," मी म्हटलं, आणि तिला नीट दिसावं म्हणून बोटानं ओठ वर धरला.