टेंभुर्णीच्या पुढे, भर उन्हात

सोलापूर सोडलं तेव्हा गिरणीचा भोंगा नुकताच वाजून थांबला होता. सिद्धेश्वराचं तळं आदल्या दिवशी पाहून झालं होतं. आता करमाळ्याच्या कमलाभवानीचं दर्शन घ्यावं म्हणून चैत्रातल्या त्या सकाळी मी प्रवासी मोटारीत बसलो. सोलापुरात जिथे उतरलो होतो, तिथल्या यजमानीणबाईंनी कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती.

माझ्यासमोर एक प्रौढ पोलीस शिपाई बसला होता. त्याच्या मनगटाला बेडीने जोडलेला, रामा नावाचा कैदी. सरकारी रानातली बाभळ तोडली म्हणून त्याला करमाळ्याच्या कोर्टात उभं करायचं होतं. शेजारचे आडते (बाजारातले दलाल) त्याच्यापासून अंग चोरून बसले होते.

टेंभुर्णीच्या पुढे टायर फुटलं. दोन्ही बाजूंना काळं, भेगाळलेलं रान, त्यात लांबवर एक विहीर. शिपाई खाली उतरता उतरताच कोसळला, त्याच्याबरोबर रामाही गुडघ्यांवर आला. शिपायाचं अंग भाजत होतं, शुद्ध नव्हती.

“दादा, किल्ली त्येंच्या खिशात हाय,” रामा मला म्हणाला. “सोडा मला. त्या हिरीवर नेतो त्येंनला.”

आडत्यांनी माझा हात धरला. कैदी पळाला तर या शिपायाची नोकरी जाईल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण जवळपास सावली तेवढी त्या विहिरीवरच्या लिंबाचीच होती. मी किल्ली काढून बेडी उघडली.

रामाने शिपायाला पाठुंगळी घेतलं आणि तापलेल्या ढेकळांतून अनवाणी चालू लागला. ड्रायव्हरने बादली आणि दोर दिला. रामा आपलं मुंडासं भिजवून त्याचं डोकं पुसत राहिला. मोटारीतलीच अक्कलकोटकडची एक म्हातारी मागून आली आणि ‘उळ्ळागड्डी’ (कांदा) म्हणत तिने गाठोड्यातला कांदा ठेचून शिपायाच्या तळपायांना चोळला.

त्याला बरं नाही हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही, असं मी म्हणालो.

“सकाळपास्नं त्येंचा हात माज्या हाताला लागत हुता,” रामा म्हणाला. “तापतच चालला हुता. मी म्हनलो तर ‘गप बस’ म्हनले.”

बऱ्याच वेळाने शिपायाने डोळे उघडले. आपलं मोकळं मनगट दिसताच त्याचा चेहरा उतरला. रामाने बेडीसाठी हात पुढे केला.

“आदी पानी पी,” शिपाई म्हणाला. “तू बी उनातच हायस की.”

टायर बदलून मोटार निघताना आडते सरकले आणि दोघांना सावलीची बाजू मिळाली.

करमाळ्यात देवीच्या मंडपात चांगला गारवा होता. दर्शन घेऊन, मुक्काम आटोपून मी परतीच्या मोटारीत बसलो, तर तोच शिपाई भेटला, एकटा. त्याने कोर्टात सगळं सांगितलं होतं, बेडी उघडल्याचंसुद्धा. रामाची शिक्षा बरीच हलकी झाली, शिपायाला मात्र खात्यापुढे जाब द्यायचा होता. तेवढं का नाही गाळलं, असं मी विचारलं.

“त्ये लपवलं असतं तर त्येनं केलेलं बी लपलं असतं की,” तो म्हणाला.

वाटेत एका वस्तीपाशी तो उतरला. रामाच्या घरी निरोप सांगायचा होता. पोलिसाचा डगला पाहून एक बाई दारातच थबकली. तेव्हा तो लांबूनच मोठ्याने म्हणाला, “बरा हाय, बाई. बरा हाय त्यो.”

सोलापूरहून वाईला माझ्या घरी पोहोचेपर्यंत तो आवाज माझ्या कानांत होता. दारापर्यंत चालत जायला त्याला थोडाच वेळ लागला असता. पण तेवढा वेळही तिने भीतीत काढू नये, हे त्याला सुचलं.