प्रांजलीचं डोकं शाबूत होतं

इसरले ना बाप्पा सगळे?

माह्या नातीले, प्रांजलीले, जाऊन आज वर्ष झालं.

आठवण तुम्हाले राहात नाही, आन "डोक्यानं अधू" म्हणे ती!

काल सौसरच्या बाजारात पुन्हा ऐकलं. "बिचारी. डोक्यातच फरक होता."

मले अक्षर येत नाही. मी सांगून राहिली, माही सून, म्हणजे प्रांजलीची आई, मोबाईलवर टाइप करून राहिली.

डेंग्यूनं नेली तिले. पायानं नाही. डोक्यानं तर बिलकुल नाही.

पाय अधू होते, खरं हाये. पाऊल लटकायचं, सपाट जागी ठेच लागायची. वायरवर राहते तसं नसांवरही कव्हर राहते. तिच्या हातापायातलं ते बिघडलं होतं.

लोधीखेड्याचे पाहुणे तिले पाहाले आले. पोहे झाले. मंग म्हणे, "पोरीले चालून दाखवू द्या."

चालली. पडली.

पोराची आई म्हणे, "डोक्याची बिमारी दिसते."

पोट्टी उठली, साडी झटकली.

"काकू, नागपूरले मी हेच शिकून राहिली. कव्हर बनवणाऱ्या पेशी दोन जातीच्या. डोक्यात वेगळ्या, हातापायात वेगळ्या. जीन दोघींत तोच, पण चालू करणारं बटन वेगळं. समजा मोटर एक, स्टार्टर दोन. एक घरून दाबाचा, एक संत्र्याच्या बगीच्यातून. बगीच्यातला जळला, तरी घरून मोटर चालतेच ना? तसं माहं डोकं चालते."

काकूनं पोराकडं पाहिलं.

पोरगा म्हणे, "सैपाक येते का?"

मी म्हणलं, "येते. पण तुह्यासाठी नाही. प्लेट ठेव आन उठ."

तवापासून तिले "डोक्यानं अधू" हे नाव पडलं. शेजारच्या बाया बिमाराची मऊ खिचडी पाठवू लागल्या, बिना मिरचीची.

प्रांजली हसे. "आजी, बिमारी पायाले, आन सुट्टी दातांले!"

ती गेली, त्या दिवशीही तीच खिचडी आली.

आता सून टाइप करता करता थांबली. "आई, राहू द्या ना. लोक नाराज होतीन."

"होऊ दे. तुही पोरगी हाये. लिही."

लिहून राहिली. डोळे पुसून लिहून राहिली.

मी जिती हाये तोवर हे नाव तिले लागू देणार नाही. ज्याले म्हणाचं त्यानं माह्या तोंडावर येऊन म्हणाचं.

प्रांजली, हुशार होती वं तू. जाय आता, सुखानं राह्य.

संध्याकाळी तिच्या फोटोपुढं ताट मांडाचं हाये. ज्याले काही पाठवाचं त्यानं पाटोडीचा रस्सा पाठवजा, नाकातून पाणी येईन असा तिखट.

मऊ खिचडी आली, तर दारातूनच वापस.