आग्नेलचा पुढचा दात

आमचे डॉक्टर यतीन म्हणजे परोपकाराची मूर्ती. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. एव्हरशाईन सिटीत त्यांचा दवाखाना. तिथे मी, विनिता, अठ्ठ्याण्णव सालापासून त्यांची मदतनीस. फ्लॅटवाल्यांचा किडका दात डॉक्टर तान्ह्या लेकरासारखा जपायचे. रूट कॅनाल, त्याच्या चार-चार फेऱ्या, वर कॅप. "उपटणं सोपं असतं हो, खरी कसोटी वाचवण्यात," असं प्रत्येकाला ऐकवायचे.

मग त्यांना नगरसेवक व्हायची हुक्की आली. लगेच पलीकडच्या गास गावात मोफत दंतशिबिर! बॅनरवर दात बोटाएवढा आणि डॉक्टर पुरुषभर. पेपरवाले दुपारी येणार, तोवर दाखवायला काहीतरी हवं, म्हणून डॉक्टरांनी सपासप दात काढायला सुरुवात केली.

त्यात आग्नेल आला. गासच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, वरचा पुढचा दात ठणकत होता.

"डॉक्टर, ओठ दाबून वाजवायचं तर मागे हा दात पायजे. कसाही करून वाचवा. लग्नं तोंडावर आलीत," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

दात हलतसुद्धा नव्हता. असले दात आम्ही दवाखान्यात रोज वाचवत होतो. "काढू या. नवा बसवून देतो, अगदी फुकट," डॉक्टर म्हणाले, आणि पक्कड लावली.

नवा दात बसवला तो काढ-घालीचा. ट्रम्पेट टेकलं की हलायचा. पहिल्याच लग्नात नवरी चर्चबाहेर आली, आग्नेलनं सूर लावला, आणि नुसती हवा फुसफुसली. बँडवाल्यांनी ट्रम्पेट काढून घेऊन त्याच्या गळ्यात ढोल अडकवला. एवढा गुणी वाजवणारा! हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

दात घट्ट करून घ्यायला तो दवाखान्यात येत राहिला. एके दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं सरळच विचारलं, "माझा दात वाचला असता का हो?"

डॉक्टर शांतपणे हात पुसत म्हणाले, "वाचला असता की. पण तुम्हा गावच्या लोकांचं कसं आहे, दुखायचं थांबलं की पुढच्या फेरीला फिरकत नाही. अर्धवट काम सडतं. म्हणून काढून टाकतो, तुमच्याच भल्यासाठी."

आग्नेलनं तोंडातला दात काढून त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

"गासवरून आज सहाव्यांदा आलोय, डॉक्टर."