मामाची ट्रॉली आणि उपाशी वेली

"गाळ कोठे टाका? सांग ना भो, गाळ कोठे टाका?"

गाळ कुठं टाकलास, म्हणून वडील बांधावरून ओरडत होते. आवाज असा, की पांझरा नदीपलीकडे धुळ्याच्या देवपुरात कुणाच्या तरी बशीतला चहा नक्की सांडला असणार. समोर माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, रावेरकडचा केळीवाला, रिकाम्या ट्रॉलीला टेकून मोठा आहेर करून आल्यासारखा हसत उभा.

मामाकडची जमीन इतकी कसदार, की म्हातारे काठी रोवून गप्पा मारत नाहीत. उठेपर्यंत तिला पालवी फुटते. आमचा द्राक्षमळा मात्र साक्रीच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, चुनखडीच्या मुरमात. तिथून जाताना कावळासुद्धा डबा घेऊन जायचा. काळ्या रानात कपाशी आणि बरडावर वेली, हे वडिलांनी मुद्दाम केलं होतं. त्यांना फेसाळती वाइन करायची होती. परवाना देवघरात गणपतीशेजारी लटकत होता. त्यांचं म्हणणं, वेल उपाशी ठेवली तर मुळं खोल जातात, द्राक्ष बारीक आणि आंबट राहतं, आणि त्या आंबटपणावरच बाटलीतला फेस उभा राहतो. पोटभर खाऊ घाला, की द्राक्ष गोड आणि वाइन मठ्ठ. म्हणून वेली लावल्यापासून त्यांनी त्या उतारावर शेणखताची पाटी चढू दिली नव्हती. मी एकदा तिथं केळं खाल्लं, तर साल खिशात घालून परत न्यायला लावली.

मामाला हे बघवत नसे. बहिणीचा संसार दगडावर मांडलाय, असं तो सगळ्या सोयऱ्यांत सांगत फिरायचा. त्या दिवशी मी आणि वडील बाटल्यांची बुचं आणायला धुळ्याला गेलो आणि मागे हा तलावातला गाळ भरून हजर. पहिली तोडणी तोंडावर आलेली. एकदा मुरलेला गाळ मुरमातून वेचून काढता येतो होय?

वडील मळ्यात शिरले, गुडघ्यांवर बसले. मूठभर उचलायची, हुंगायची, टाकायची. पांढरा, कोरडा, कंगाल मुरूम. शेवटच्या ओळीपर्यंत काळ्या मातीचा चमचाभरही पत्ता नाही. त्यांनी असा सुस्कारा सोडला, की शेजारची ज्वारी आडवी झाली. मग तिथंच दगडावर बसून हसायला लागले.

आता मामा गोंधळला. ड्रायव्हरला तर त्यानं स्वतः बजावलं होतं, द्राक्षांतच टाक म्हणून. त्यानंतर आईनं मामाला कळण्याची भाकरी आणि शेवभाजी वाढली, वर तांब्याभर ताक पाजलं. आणि निंबाखाली तो असा घोरला, की ट्रॅक्टर कुठं वळला ते ट्रॅक्टरलाही ऐकू आलं नसेल.

तेवढ्यात आई घरामागच्या वाफ्यांकडून आली. हात कोपरापर्यंत काळे.

"अक्का," मामा रडवेला होऊन म्हणाला, "एवढ्या लांबून गाळ आणला गं मी. घरी काय सांगू?"

आई पदराला हात पुसत म्हणाली, "वांगी लागली की भरीत खायला ये."